चारशे ताटे आणि एक वाटी

आमचे शेजारी एका कारखान्याच्या कँटीनचे निवृत्त व्यवस्थापक असून सारी गल्ली त्यांना ‘मॅनेजर’ म्हणूनच ओळखते. रोज चारशे ताटे वाढलेल्या या गृहस्थांना दीड वर्षाच्या नातीने पुरते जेरीस आणले होते. नातीला घरात ‘साहेब’ म्हणतात, आणि ते तिला शोभते.

सोमवारी सूनबाई नोकरीवर पुन्हा रुजू व्हायच्या होत्या. मात्र मुलगी आजोबांच्या हातून जेवली तरच, अन्यथा राजीनामा.

मॅनेजरांनी आठवड्याचा बेत आखला. सकाळी रव्याची खीर, दुपारी मुगाच्या डाळीचा मऊ भात आणि एखादी भाजी, संध्याकाळी दुधात कुस्करलेली पोळी. बेत निर्दोष होता. साहेबांनी तो तोंड घट्ट मिटून फेटाळला. चिऊ आणि काऊ, दोघेही निष्फळ उडून गेले.

शनिवारी दुपारी मी त्यांचे वर्तमानपत्र परत करावयास गेलो, तेव्हा मॅनेजरांच्या सदऱ्यावर भोपळ्याची भाजी होती.

“बाबा, राहू द्या. मी ऑफिसात कळवते,” सूनबाई म्हणाल्या.

“थांब गं. चारशे जणांना जेवू घातलंय मी.”

“ते भुकेले यायचे, बाबा. आणि पळून जायला त्यांना गेट होतं.”

मॅनेजरांनी साहेबांची वाटी स्वतःपुढे ओढली. मग ते मोठ्याने म्हणाले, “मास्तर, भोपळा संपला बरं का.”

“अहो, वाटीभर आहे की,” मी मास्तरकीच्या सवयीने दुरुस्ती केली. त्यांनी असे पाहिले की मी निमूटपणे चष्मा पुसू लागलो.

“भोपळ्याला कँटीनमध्ये कुणी विचारायचं नाही,” ते माझ्या कानाशी पुटपुटले. “खिडकीत ‘संपला’ अशी पाटी लावली, की रांगेत भांडणं.”

एवढ्यात साहेब दुडुदुडु आल्या आणि त्यांनी वाटीत हात घातला.

“नाही हं, संपलं,” मॅनेजर गंभीरपणे म्हणाले. वाटी पाहता पाहता चाटूनपुसून लख्ख झाली. सूनबाईंनी तिथल्या तिथे सोमवारची साडी इस्त्रीला काढली.

सोमवारी संध्याकाळी त्या परतल्या, तेव्हा मी तिथेच होतो.

“जेवली का हो, बाबा?”

“तिचं जेवली, माझंही जेवली,” मॅनेजर क्षीण स्वरात म्हणाले, आणि उरलेल्या पोळीकडे त्यांनी हात नेला.

साहेबांनी दोन्ही तळवे ताटलीवर ठेवले.

“तंपलं,” त्या म्हणाल्या.