अंगभर नॉर्मल

पुसेगावाजवळच्या तांड्यावर शकुंतलाबाईच्या दुखण्याला एके काळी फार मान होता. अर्थात थोडेच दिवस. कंबर, पाठ, खांदे, सगळं अंग तिचं वर्षानुवर्षं ठणकायचं. सकाळी उठायची ती कुणी बडवून काढल्यासारखी. नवरा रतनसिंग म्हणायचा, "कामाच्या वख्तालाच काहून दुखतं गं तुझं?" दुखण्यापेक्षा हेच तिला जास्त झोंबायचं. आपलं खरं दुखणं घरच्या माणसानं खरं मानावं, एवढंच बिचारीला हवं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एकदाचं त्यानं तिला हिंगोलीला नेलं. रक्त तपासून झालं, लघवी झाली, फोटो निघाले. डॉक्टर घाईत होते. कागद चाळत म्हणाले, "रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, फोटोपण नॉर्मल," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं! रतनसिंगचा चेहरा उतरला. एसटीत त्यानं बायकोला खिडकीची जागा दिली, आणि तांड्यावर पोचल्याबरोबर जड आवाजात सांगून टाकलं, "नॉर्मल निघालं. रक्तातबी हाय, हाडातबी हाय. समद्या अंगात पसरलंय."

मग काय विचारता! शेजारची पद्माबाई शिरा घेऊन आली. सून पाय चेपू लागली. "आमच्या मावशीलाबी नॉर्मलच झालतं," असंही एकीनं ठोकून दिलं. रतनसिंग स्वतः चहा करू लागला. तो पिण्याजोगा नसे ही गोष्ट वेगळी. आणि खोटं कशाला बोला, त्या दिवसांत शकुंतलाबाईचं दुखणं जरा उतरलंही होतं.

दिवाळीला कॉलेजात शिकणारा पुतण्या दिपक आला आणि त्यानं पोट धरधरून हसत सगळ्यांना अर्थ सांगितला. नॉर्मल म्हणजे काहीच झालेलं नाही! शिक्षणाचा असाही फायदा असतो. शिरा बंद झाला, पाय चेपणं बंद झालं. रतनसिंग तर खवळलाच. "इतके दिस सोंग करून राहिली व्हय?"

आता बघा, शब्द कळला नाही त्याला, आणि सोंगाडी ठरली ती! राग यावा अशीच गोष्ट. दुखणं दुपटीनं वाढलं. आता तर एखाद्या दिवशी बरं वाटलं तरी ती खाटेवरून उठेना. उठली की लोक म्हणणार, बघा, धडधाकट हाय. म्हणून पडून राहायची, आणि पडून राहून अंग आणखी आखडायचं. वर्षं अशीच गेली.

पुढं हिंगोलीत सरला नावाच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तकलीफ खरी आहे." रतनसिंगनं कान टवकारले. "हाडं, रक्त चांगलं आहे. पण दुखण्याची खबर देणाऱ्या नसा हळव्या झाल्यात, जरा काही झालं की बोंब ठोकतात. तपासणीत ते दिसत नाही. रोज थोडं चाला. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं काम उपसू नका. झोप सांभाळा. हळूहळू कमी होईल. पार जाईलच असं नाही सांगत."

"चालले तर हे म्हणतील, दुखतच न्हाई हिला," शकुंतलाबाई काकुळतीनं म्हणाली.

बाईंनी रतनसिंगकडं पाहिलं. रतनसिंगला नेमकं तेव्हाच छताचा पंखा बघावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाबरत घाबरत तांड्याबाहेरच्या रस्त्यानं निघाली. पद्माबाई दारातच होती. "अगं बया! टुणटुणीत झालीस की! गेलं वाटतं दुखणं?"

शकुंतलाबाईचे पाय जागीच थबकले. परत फिरावं असं वाटलं तिला. तेवढ्यात मागून बैल घेऊन येणारा रतनसिंग थांबला.

"गेलं न्हाई," तो म्हणाला. "दुखून राहिलंय तिला. तरीबी चालून राहिली."

शकुंतलाबाईला भर रस्त्यात रडू फुटलं. पद्माबाई धावत आली, "लई दुखून राहिलं का गं?"

"न्हाई गं," डोळे पुसत ती म्हणाली, "आज जरा बरं हाय."