लाडू न खाणाऱ्या सहा बायका

"त्या सहा बायकांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते! एकीलाही नाही!"

हे वाक्य आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून निघालं ते गोदावरी ओलांडून थेट पंचवटीत गेलं आणि तिथल्या भाजीबाजारात एका बाईने दचकून मेथीची जुडी खाली टाकली, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. मेथीचं सोडा. पण आमचा शिपाई दारातून डोकावून गेला, एवढं लिहून देतो. सर, मॅडम आणि सहा बायका, म्हणजे प्रकरण काय असावं, याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता.

ओरडत होत्या त्या आमच्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. मी संख्याशास्त्र शिकवतो. त्या नऊ वर्षं कंत्राटावर होत्या आणि तितकीच वर्षं त्यांची पीएचडी चालू होती. विद्यापीठाने दिलेली तिसरी आणि शेवटची मुदतवाढ संपायला बावीस दिवस उरले होते. पीएचडी झाली तर नोकरी कायम होण्याची आशा. नाही झाली तर जूनपासून घरी. प्रयोगाला मदत केलीतच, आता आकडेमोडही तपासून द्या, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी तपासली. तीच चूक झाली.

त्यांचा प्रयोग साधा होता. शेजारशेजारच्या खोल्यांत एकेका बाईला बसवायचं, समोर बशीत बेसनाचा एक लाडू. आत्ता खायचा तर खा आणि बाहेर या. मात्र मी परत येईपर्यंत तसाच ठेवलात तर आणखी एक मिळेल. परत कधी येणार ते सांगायचं नाही. बाहेर मी घड्याळ घेऊन बसायचो, दीड तास झाला की मॅडम आत जायच्या. निम्म्या बायका पंचवटीतल्या, निम्म्या घोटीच्या आसपासच्या गावांतल्या. लाडू मॅडमच्या सासूबाईंनी केलेले. असा लाडू दीड तास बघत बसणारी बाई मनुष्ययोनीतली नव्हेच, हे माझं तेव्हापासूनचं मत. निष्कर्ष मात्र झकास निघत होता: गावाकडच्या बायका शहरातल्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त दम धरतात. सरासरी छाती फुगवून तसं सांगत होती.

पण सरासरीवर माझा विश्वास नाही, त्याला आमचे मामा कारण. मामांनी एका लग्नात एकट्याने एकशे चाळीस जिलब्या खाल्ल्या होत्या. साक्षीदार आता कुणी उरले नाहीत. त्या पंगतीची सरासरी काढलीत तर म्हणाल, काय ही खादाड माणसं! मधे बसलेल्या माणसाने बिचाऱ्याने चारच खाल्ल्या होत्या. म्हणून मी मध्यक काढतो. सगळ्या बायकांना मिनिटांप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधलीला विचारायचं, बाई, तुझी किती? घोटीकडची मधली बाई आणि पंचवटीतली मधली बाई, दोघींनी जवळजवळ सारख्याच वेळात लाडू उचलला होता. फरक सगळा सहा बायकांचा होता. घोटीच्या त्या सहाजणी दीड तास पुतळ्यासारख्या बसल्या होत्या आणि सगळ्या गावांची सरासरी त्यांनी डोक्यावर घेतली होती. त्या काढल्या की मॅडमचा निष्कर्ष गेला.

"काढायच्या कशाला?" मॅडमचा आवाज आता नदीच्या अलीकडे आला होता. "बसल्या ना त्या? खोट्या आहेत का? तुमच्या गणिताला आवडत नाहीत म्हणून माणसं छाटणार तुम्ही?"

आणि हे बरोबर होतं. त्याचाच मला त्रास. आकडा अवघड जागी बसलाय म्हणून त्याला उठवता येत नाही. उठवायचं तर कारण लागतं. कारण माझ्याकडे नव्हतं. उलट एका माणसाची नऊ वर्षं पणाला लावण्याची विद्या मात्र भरपूर होती.

पुढचे तीन दिवस मी कुठेही धड बसलो नाही. वर्गात फळ्यावर एक गणित दोनदा सोडवलं, दोन उत्तरं आली, मुलांनी दोन्ही उतरवून घेतली. घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की बायको म्हणाली, फरशी झिजवायचीच आहे तर हातात पोछा तरी घ्या. चौथ्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, डावीकडे रिक्षा, उजवीकडे रिक्षातून बाहेर आलेला लोखंडी पाइप. स्कूटर बंद करून उभा राहिलो. शेजारच्या मिठाईच्या दुकानातून बेसन भाजल्याचा वास आला आणि मला एकदम आठवलं, घोटीला त्या एका दिवशी मी फार लाडू खाल्ले होते. म्हणजे माझ्या मानानेही फार. कारण मॅडमच्या वाटचेही मला मिळाले होते. "तुम्ही घ्या सर," त्या म्हणाल्या होत्या, "माझं आज राहू द्या."

आणि आणखी एक. बाकीच्या बायका लाडू तिथेच खायच्या. त्या दिवशी मात्र सहाजणींनी माझ्याकडे कागद मागितला होता. मीच वर्तमानपत्राचे सहा तुकडे फाडून दिले होते, दोन-दोन लाडू बांधून न्यायला.

घरी आलो तो थेट स्वयंपाकघरात. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं आमच्याकडे फडताळात डब्यांखाली अंथरतात. मी लोणच्याची बरणी काढली, मसाल्याचे डबे काढले, तिखट सांडलं. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. "काय हरवलं?" "मंगळवार," मी म्हणालो. तिने पुढे विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. हळदीच्या डब्याखाली तो महिना सापडला. तारीख माझ्या नोंदवहीतलीच. खाली छापलेलं: अंगारकी संकष्ट चतुर्थी.

मॅडमना सांगायला आणखी एक दिवस काढला. सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, त्याने जास्त घाबरलो. म्हणाल्या, "विचारून येऊ. अंदाज नको."

घोटीला त्या सहांतल्या एक मावशी घरापुढे बसून भात पाखडत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "या ताई, बसा. सर, आज लाडू नाय बरं का."

मॅडमनी सरळ विचारलं, "मावशी, त्या दिवशी लाडू समोर असून तुम्ही दीड तास बसून राहिलात. खावासा वाटला नाही?"

"वाटून काय करू? अंगारकी व्हती. चंद्र उगवायच्या आत बेसन खाऊ का?"

"मग आम्हाला सांगायचं ना!"

"तुम्ही इचारलं का?" मावशींचं सूप थांबलं नाही. "तुम्ही म्हणला बसा, आम्ही बसलो. तिथं पंखा व्हता, घरी लाइट नव्हती. राती लेकरांनी खाल्ले लाडू, लय ग्वाड व्हते." मग माझ्याकडे मान उडवून, "परीक्षेला खरं तर यांना बसवायचं व्हतं. घड्याळ लावायच्या आत लाडू संपला असता."

बाकीच्या पाचजणींकडेही गेलो. पाचही अंगारकी.

बसच्या थांब्यावर मॅडम बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत आणि सोडत होत्या. मग म्हणाल्या, "सर, मीही धरली होती ती अंगारकी. दिवसभर त्या लाडवांचा वास घेत फिरत होते. आणि त्या खात का नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, काय संयम आहे!"

आता माझं सांगतो. मी आयुष्यभर बाता मारत आलोय, तेव्हा त्या घडीला एक तयार बात माझ्या खिशात होतीच. मी म्हणालो, "मॅडम, मागच्या वर्षीचं कॅलेंडर कोण बघतंय? सहाजणी बसल्या, हे खोटं नाही. सरासरी खोटी नाही. आकडे तपासले म्हणून मी सही करतो. सोळा दिवस उरलेत." माझा आवाज हलका होता आणि पाय जागेवर नव्हते, मी त्यांच्याभोवती फिरतच बोलत होतो.

"तुम्ही मामांच्या जिलब्या सांगता," त्या म्हणाल्या, "तेव्हा ऐकणाऱ्याला माहीत असतं, ही बात आहे."

बस आली. नाशिकपर्यंत मी एकही बात मारली नाही. माझ्यासाठी हा विक्रम आहे आणि यात अतिशयोक्ती नाही.

सोळा दिवसांत त्यांनी पूर्ण प्रकरण नव्याने लिहिलं. एका पानावर दोन तक्ते: सहाजणींसह आणि सहाजणींशिवाय. सरासरी शेजारी मध्यक. मग दोन्ही टोकांच्या थोड्या थोड्या बायका सोडून पुन्हा तेच. कसंही मोजा, त्या सहाजणी गेल्या की गाव आणि शहर यांत फरक उरत नव्हता. खाली अंगारकीची हकिगत, स्वतःच्या उपासासकट. प्रबंध शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या आधी, आत गेला.

तोंडी परीक्षा काही महिन्यांनी झाली. बाहेरगावचे परीक्षक आले, पिकलेल्या केसांचे, चष्मा कपाळावर. ते पाणी पीत होते तोवर मी सभागृहाच्या मागच्या रांगांत चार वेळा जागा बदलली. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच मॅडम उभ्या राहिल्या आणि सगळं बोलून मोकळ्या झाल्या. लाडू, चतुर्थी, पंखा. मुख्य निष्कर्ष टिकत नाही. तारीख ठरवताना तिथी बघितली नाही, चूक माझी. आवाज इतका बारीक की मला पुढच्या रांगेत जावं लागलं.

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. प्रबंधाची पानं उलटली, पुन्हा मागे आले. माझा पाय खुर्चीखाली शिवणयंत्रासारखा चालला होता.

"ते वाचलं मी," ते म्हणाले. "पान एकशे बारावरचा तक्ता उलटा बांधलाय. तेवढा सरळ करून सोमवारी द्या, सही करतो."