मोसंबीचा थंड चहा आणि बर्फाची लादी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वेलांटी कुठली द्यायची हे मला अजून समजत नाही, आणि अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं येतं. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. घरात कुणाच्या हाती लागलंच तर अडखळत का होईना वाचावं आणि मला माफ करावं.

माझ्या भावानं बियाण्यासाठी जपून ठेवलेले पैसे एका दिवसात कसे संपले आणि ते मला का भरून द्यावे लागले, ते सांगायचं आहे. कारण झाला थंड चहा.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नवीन कचेऱ्या निघाल्या, तशी आमच्या ह्यांना शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही जळकोटकडचं गाव सोडून लातूरला खोली घेतली. आमची तिथली पहिली दोन्ही वर्षं दुष्काळाची. टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावायच्या. मी सगळ्यांत मागं, कारण मला ढकलाढकली जमत नसे, आणि बोलणं तर त्याहून जमत नसे. सासूबाई मला म्हणायच्या, "तुझ्या तोंडाला कुलूप हाय, आन किल्ली म्हायेरी इसरून आलीस."

वरच्या मजल्यावर एक साहेब राहायला आले. त्यांच्या बाई नागपूरच्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला हात लावायला जात असे. चैत्रात बाईंनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. सगळ्या कचेऱ्यांतल्या साहेबांच्या बायका येणार होत्या. पण पन्ह्याला कैरी नव्हती. त्या साली मोहोर झाडावरच करपला होता. मोसंबी मात्र स्वस्त होती. बागा जळायला लागल्या म्हणून बागवाले लिंबाएवढी फळंसुद्धा तोडून टोपलीवारी विकत होते.

बाई म्हणाल्या, "पन्ह्याऐवजी आपण मोसंबीचा थंड चहा देऊ."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. चहा निवला तर आमच्यात पाहुणा रुसतो. आणि इथं सवाष्णींना बोलावून मुद्दाम निवलेला चहा द्यायचा!

करायची रीतही उलटीच. पाणी उकळलं की खाली उतरवायचं आणि मग पत्ती टाकायची. झाकायचं, पण उकळायचं नाही. गाळून साखर घालायची, निवू द्यायचं, मग मोसंबीचा रस आणि पुदिन्याची पानं. पहिल्यांदा करून बघताना माझा हात सवयीनं दुधाकडे गेला. रस घातल्याबरोबर सगळं फाटलं, पातेल्यात चोथा आणि पाणी वेगळं झालं. दुष्काळातलं दूध, आणि त्याचं हे झालं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई हसल्या, "अहो, यात दूध नसतंच."

ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बिनदुधाचा, थंडगार. मयताच्या घरी देत्यात तसला. देवा, काय काय बघाय लावतोस!"

बाईंकडे फ्रिज होता, पण वीज इतकी मंद यायची की त्यात पाणीसुद्धा गार होत नसे. म्हणून बर्फ विकत आणायचं ठरलं. तो बर्फ चहात टाकायचा नाही, त्यात चहाचं भांडं ठेवायचं, म्हणजे पोटाला बाधत नाही, असं बाईंचं म्हणणं. त्यामुळे चुरा चालणार नव्हता, आख्खी लादी हवी होती. हळदीकुंकवाच्या सकाळी साहेबांचा कामाचा माणूस आला नाही. बाईंनी पैसे माझ्या हातात दिले आणि मला बर्फाच्या कारखान्यावर पाठवलं.

कारखान्याचे मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. मी पदर पुढं ओढून उभी राहिले आणि कसंबसं म्हटलं, "आख्खी लादी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज हळू केला. "मय्यत है क्या, बेटी?"

मी मान खाली घातली. त्यांनी मोठा उसासा टाकला. मयताच्या बर्फाचे पूर्ण पैसे आपण घेत नाही म्हणाले, अर्धेच ठेवून घेतले, लादीला भुसा लावला, पोत्यात गुंडाळली आणि हातगाडीवाल्याला सांगितलं, "आहिस्ता लेके जा."

गाडी पुढं, मी मागं, तोंडावर पदर. वाटेत एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा मला काही कळलं नाही. आमच्या गल्लीत शिरलो तशी नळावरची बाई घागर टाकून उठली. तिच्या मागं दुसरी. मी दारात पोचेपर्यंत अर्धी गल्ली माझ्या मागं होती.

आमचं दार उघडं होतं. आत सासूबाई उन्हाच्या तलखीनं ओलं लुगडं डोक्यापासून पायापर्यंत पांघरून जमिनीवर झोपल्या होत्या. शेजारी परातीत मी बाईंसाठी करून निवायला ठेवलेला पातेलंभर कोरा चहा. शेजारणीनं एकदाच आत बघितलं आणि हंबरडा फोडला. "अगं माय गं! सकाळी तर चांगल्या बोलल्या की माझ्यासंगं!"

सगळ्याजणी रडायला लागल्या. एकीनं मला कवेत घेतलं. मी तोंड उघडलं, पण त्यातून आवाजच येईना, आणि त्यांना वाटलं दुःखानं माझी वाचा बसली.

इतक्यात ओलं लुगडं हललं. सासूबाई उठून बसल्या. "कोन गेलं गं? कुनाच्या घरचं?"

एक बाई किंचाळली. दुसरी पळताना हातगाडीवर आदळली. शेजारीण मात्र जागची हलली नाही. डोळे पुसून तिनं मला विचारलं, "मग बर्फ कामून आनलास?"

"चहासाठी," मी म्हटलं.

त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. सासूबाईंनी गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "रडलात ते बरं केलात. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतंय. आता धा वर्सं मी हालत न्हाई!" तेव्हा कुठं बायका हसल्या. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळानं, रडं उठताच एसटी स्टँडवर गेलेले शेजारचे काका सायकलवरून परत आले. घाम पुसत म्हणाले, "काळजी करू नको पोरी. कंधारच्या गाडीत निरोप धाडला. कंडक्टर तुझ्या भावाला सांगंल."

गाडी सुटून गेली होती. कंधारच्या वाटेवरच्या भावाच्या गावात फोन कुठला? कळल्यावर आमच्या ह्यांनी दुसऱ्या गाडीनं उलट निरोप पाठवला, पण तो पोचायच्या आत व्हायचं ते झालं होतं.

दुपारनंतर हळदीकुंकू सुरू झालं. वर साहेबांच्या बायका मोगऱ्याचे गजरे माळून चहाचे ग्लास धरून बसल्या होत्या आणि वाहवा करत होत्या. मला मात्र जिन्यावर उभं राहवेना. ऊन उतरता उतरता भाड्याची जीप दारात थांबली. आतून माझा भाऊ, भावजय, चुलत्या आणि आणखी कितीतरी माणसं रडतच उतरली. भावाच्या हातात दुखवट्याचं नवं लुगडं होतं.

उंबऱ्यावर सासूबाई मोसंबीचा चहा पीत बसल्या होत्या.

भाऊ जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रडं तसंच थांबलं. सासूबाईंना तो मामी म्हणत असे. तो म्हणाला, "मामी?"

"ये बाबा, बस. लुगडं माझ्यासाठीच आनलंस न्हवं? दे की मग. जिवंतपनी नेसते."

जीपवाला भाड्यासाठी उभा होता. भावानं कमरेची पिशवी सोडली. मला ती पिशवी माहीत होती. दोन बैल छावणीत ठेवून, पोटाला चिमटा काढून, मृगात पेरायचं बियाणं घ्यायला त्यानं ते पैसे ठेवले होते. जायच्या यायच्या भाड्यात पिशवी जवळजवळ रिकामी झाली. सगळं ऐकूनही तो मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अक्का, तू तोंडानं न्हाई म्हनली असतीस, तर बरं झालं असतं."

ते मला फार लागलं. यांचा पगार पाण्यात आणि ज्वारीत जायचा. मृग महिन्या-सव्वा महिन्यावर होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या बाईंनी सांगितलं की तिघी-चौघींनी त्या चहाबद्दल विचारलं आहे, आपल्या घरी करून हवा आहे, पैसे देतील. थंड चहाला पैसे! मला खरं वाटेना. पण गेले. त्यासाठी पुन्हा बर्फ लागला. कारखान्यावर म्हातारे मालक मला बघून दचकलेच. "फिर से? या अल्लाह! घर में और कितने लोग हैं, बेटी?"

या वेळी मी मान वर केली आणि सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग हात पुढं करून म्हणाले, "तो फिर पूरे पैसे निकाल. उस दिन के भी."

ते दिले. तो सगळा उन्हाळा मी घरोघर चहा केला. बायका ‘मसाला घाल, मीठ घाल’ सांगत आणि मी आता त्यांना ‘नको’ म्हणू शकत होते. सासूबाई बरोबर यायच्या आणि मोसंबी सोलता सोलता बायकांना सांगायच्या, "मी मेले हुते, ह्या च्यानं उठले." त्यावर एखादी ग्लास जास्त घ्यायची. मिळेल ते मी भावाला कंधारच्या गाडीनं पाठवायची, त्याच कंडक्टरच्या हाती. तो दर वेळी विचारायचा, "सासू कशी हाय?"

मृग लागायच्या आधी भाऊ स्वतः आला. राहिलेले पैसे मी त्याच्या हातात ठेवले. तो न मोजताच खिशात घालायला लागला. मी म्हटलं, "मोज."

"राहू दे की, अक्का."

"न्हाई. माझ्यासमोर मोज."

त्यानं उंबऱ्यावर बसून मोजले. पुरे भरले.