हिद्दच्या खाडीत दशमीची भरती

शहनाजचा फोन आला तेव्हा ‘विरंगुळा हा माणसाचा हक्क आहे’ या विषयावर दीड तास बोलून मी नुकतीच घरी आले होते. घसा पार बसला होता. शहनाज माझी रत्नागिरीच्या कॉलेजातली मैत्रीण. लग्नानंतर ती बहारीनला गेली. तिचे वडील बशीरचाचा तिच्याही आधीपासून तिथे, हिद्द या बंदराच्या गावी एका गोदामात क्लार्क.

“पुढच्या महिन्यात अब्बा कायमचे दाभोळला चाललेत,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं गोदामाच्या खिडकीतून समोरची खाडी बघितली. आता म्हणतात, जाण्याआधी तिच्यातला एक मासा स्वतःच्या हातानं काढायचाय. तुझी ती काठी घेऊन ये.”

ती काठी म्हणजे माझा फ्लाय रॉड. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी जड दोरीच्या झोताने पाण्यावर नेऊन ठेवायची, अशी ही मासेमारी. मी ती हिमाचलात ट्राउट माशांच्या मागे हिंडताना शिकले. बसल्या आवाजात लगेच हो म्हटलं. ज्या माणसाने किनाऱ्यावर उभं आयुष्य काढलं त्याचे पाय एकदाही त्या पाण्यात बुडू नयेत? हे मला अन्यायाचं वाटतं, आणि अन्यायाविरुद्ध नुसतं बोलून भागत नाही, कधीकधी विमानाचं तिकीटही काढावं लागतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. व्हिसा ऑनलाइन मिळतो. चार तुकड्यांचा आठ नंबरचा रॉड बॅगेत सहज मावतो. इथे ट्राउट नाहीत, बासही नाहीत. उथळ खाऱ्या पाण्यात शेम नावाचा चंदेरी, पिवळ्या परांचा मासा येतो, त्याला कोळंबीसारखी दिसणारी फ्लाय आवडते. काही खाड्या संरक्षित आहेत, तेव्हा आधी चौकशी करूनच गळ टाका.

गुरुवारी संध्याकाळी गुदैबिया नावाच्या वस्तीत शहनाजच्या घरी पोचले. खालच्या गल्लीत केरळी हॉटेल, पंजाबी किराणा आणि दोनशे फिल्सचा कडक चहा. चाचा दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात जपाची तसबी.

“ये बाय. भाषण करायला नाही ना आलीस?”

“मासे धरायला आलेय, चाचा.”

“मग ठीक.”

त्यांच्याकडे एकच दिवस होता. शनिवारी विमान. शुक्रवारी सुट्टी, पण अकराला खाडीवरून निघायलाच हवं, कारण जुम्म्याची नमाज आणि त्यानंतर निरोप द्यायला येणारी अर्धी गुदैबिया.

“भरती किती वाजता?” मी विचारलं. शहनाजने मोबाइल उचलला. चाचांनी बोटांची पेरं मोजली. “उद्या दशमी. तिथीची पाऊणपट, दहाचे साडेसात. साडेसातला पूर्ण भरती.”

कोकणात हा हिशोब पोराटोरांनाही येतो. मी शहनाजच्या हातातला मोबाइल खाली ठेवायला लावला आणि उसळलेच. माणसाच्या बोटांवरचं शहाणपण आपण यंत्रापुढे गहाण टाकतोय, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाला एका बटणासाठी लाथ मारतोय, वगैरे वगैरे. भाषण चांगलं झालं. शहनाज म्हणाली, “खलास? आता जेव.”

सकाळी टॅक्सीने चार-साडेचार दिनारांत हिद्द गाठलं. बंदराच्या क्रेन उजवीकडे ठेवून गोदामांच्या मागे वळलो, तर समोर चिखल! नजर पोचेल तिथवर राखाडी, चकचकीत चिखल. त्यावर खेकडे धावत होते आणि एक बगळा असा उभा होता की जणू त्यानेच पाणी पिऊन टाकलंय.

चाचांनी घड्याळ बघितलं. सव्वासात. पुन्हा बोटं मोजली.

शहनाजने मोबाइल माझ्यापुढे धरला. पाणी आठच्या सुमारास सर्वांत खाली. तिथीची पाऊणपट आपल्या किनाऱ्याची. या समुद्राचं घड्याळ निराळं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एवढी पुस्तकं वाचलेली बाई, एक तक्ता वाचायला तयार नव्हती!

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण चाचा हसत होते. खांदे हलेपर्यंत हसत होते.

“एकतीस वर्षं, बाय. खिडकीतून बघायचो, पाणी कधी आहे, कधी नाही. इकडची वेळ कधी धरलीच नाही. आपली भरती दाभोळचीच मोजायची.”

थांबण्याशिवाय इलाज नव्हता. थर्मासातला चहा संपला, घावनं संपली. मी कोरड्या वाळूवर त्यांना फेक शिकवायला घेतली. मनगट ताठ, कोपर अंगाजवळ, मागे थांबा, दोरी सरळ होऊ द्या, आता पुढे. दर वेळी दोरी त्यांच्या टोपीवर गोळा होऊन पडायची.

दहाच्या सुमाराला चिखलातून पाण्याची एक चिंचोळी वाट चमकू लागली. गुडघाभर झाली तसे आम्ही उतरलो, पाय घासत, कारण वाळूत विषारी काट्याच्या शेपटीचं पाकट लपलेलं असतं. पावणेअकरा झाले. समोर शेमांच्या शेपट्या पाण्याबाहेर निघत होत्या आणि मी चाचांच्या कानाशी बोलतच होते.

“बाय, जरा गप बसतेस? मासा भाषणाला येत नाही.”

शहनाज काठावर बसून पोट धरून हसली. मी गप्प बसले. माझ्या कारकिर्दीत हे क्वचितच घडलंय.

मग चाचांनी माझं सगळं सोडून दिलं. ते कमरेतून वळले, हात खालून आडवा फिरवला, लहानपणी दाभोळला पागाचं जाळं फेकायचे तसा. दोरी पाण्यालगत पसरत गेली आणि फ्लाय शेपट्यांच्या दोन हात पुढे अलगद उतरली. एक ओढ. दुसरी. दोरी ताणली!

“यल्ला, अब्बा, सोडू नका!” शहनाज चपलांसकट पाण्यात.

पाच मिनिटांनी वीतभर लांबीचा शेम चाचांच्या दोन्ही हातांत होता. “आपला पालूच की हा,” ते म्हणाले.

आता माझी खरी परीक्षा. धरलेला मासा परत सोडायचा, हा माझा नियम. त्यावर मी लिहिलंय, भांडलेय, मैत्री तोडलीय. मी तोंड उघडलं.

“सोडणार नाही, बाय,” चाचा आधीच म्हणाले. “एकतीस वर्षं इथं विकतची मासळी खाल्ली. ही माझी.”

मी मान डोलावली. नमाजेनंतर तो मासा तिरफळ घालून तव्यावर आला. आठ माणसांत एक मासा. शेपटीचा तुकडा माझ्या ताटात पडला. माझी मतं अजून तीच आहेत, पण तो तुकडा मी काट्यापर्यंत चोखला.

साताऱ्याला परतून पंधरा दिवस झाले. रॉड धुऊन ठेवलाय, बुटांतली राखाडी माती मात्र काढवत नाही. आज सकाळी साडेसातला फोन वाजला. मागे पाण्याचा चुबुकचुबुक आवाज.

“बाय, दशमी. दाभोळला काठोकाठ पाणी. बोटांचा हिशोब बरोबर.”

“मग आता कसली चिंता, चाचा?”

पलीकडे चाचा पुटपुटत पुन्हा काहीतरी मोजू लागले.

“चिंता नाही. म्हटलं, हिद्दला आता ओहोटी लागली असंल.”