वाऱ्याच्या वरच्या अंगाला

"राख आन जा गं," पाटील म्हणाला. "तुज्याच चुलीतली. घमेलं भरून आन."

मी धावत गेले.

मला कुणी ढकललं नव्हतं, कुणी दरडावलं नव्हतं. मी आनंदानं धावत गेले. तेच अजून घशाखाली उतरत नाही. माळावर सर्कलसाहेब आला होता, तलाठी आला होता, मोजणीची साखळी दगडांवरून खणखणत सरकत होती. आमचा सगळा महारवाडा कडेला उकिडवा बसला होता. ज्यांना जमीन नाही त्यांना घरापुरती जागा द्यायची असं सरकारनं ठरवलं होतं, आणि आमच्या गावात ती या माळावर निघाली होती. गावाच्या मावळतीला, उंचावर. मुरमाड जागा. पाणी थांबत नाही, पाया धरतो.

माण तालुक्यातलं आमचं गाव. दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळी कामावर खडी फोडून हातांना पडलेले घट्टे अजून गेले नव्हते.

मला वाटलं, राख रेघा मारायला पाहिजे असेल. गावात कुणाचंही घर निघालं की गवंड्याच्या हाताखाली माती वाहायला आम्हीच. गवंडी दोरी ताणतो आणि दोरीच्या कडेनं राखेची रेघ मारतो, हे मी लहानपणापासून बघत आलेली. रेघ पडली की तिच्यावर कुणी पाय देत नाही. भिंत दिसत नसली तरी तिथं भिंत असते. तर मला वाटलं, आता आमच्या भिंती पडणार. आणि पाटलानं राख माझ्याच चुलीतली मागितली म्हणजे पहिली रेघ माझ्या घराची.

घरी जाऊन मी चुलीतली सगळी राख ओढली. जुन्या पातळाच्या फडक्यातून चाळली. खडे नकोत, कोळसे नकोत, रेघ सरळ पडली पाहिजे. जाता जाता पदराच्या टोकाला हळदीची चिमूट बांधली. पायाच्या पहिल्या दगडाला लावतात ती.

म्हातारा सासरा दारात बसला होता. म्हणाला, "काय गं, एवढी कसली घाई?"

"घर आखायचं हाय," मी म्हणाले.

आमचं घर म्हणजे ओढ्याच्या काठाला दोन खण. त्यात तीन संसार. सासरा, थोरले दीर आणि जाऊ, त्यांची पोरं, धाकटा दीर आणि त्याची बायको, आणि मी नि माझी पोरं. मधे लुगडी टांगून भिंती केलेल्या. माझा नवरा मुंबईला गिरणीत. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला यायचा, तेव्हा बाकीचे सगळे अंगणात झोपायचे आणि खोकत राहायचे. माझं पहिलं बाळंतपण त्या टांगलेल्या लुगड्यामागं झालं. लुगड्याच्या अलीकडे दीर जेवत होता. माणसाला नवऱ्याशी भांडायला सुद्धा एक भिंत लागते हो. ती मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

घमेलं घेऊन परत आले तर पाटलानं मला मधल्या खुणेच्या दगडावर उभं केलं. तेव्हा मी त्याला अहोजाहो करत होते. आता सांगताना करत नाही.

"घमेलं डोस्क्याच्या वर धर," तो म्हणाला. "आन् हळूहळू सोड."

मला समजेना. अशी कुठं रेघ मारतात? पण समोर साहेब होता. धरलं वर आणि सोडली राख.

पावसाळ्याआधीचं वारं आमच्याकडे मावळतीचं. जोराचं, एकाच रेषेत येणारं. राख उडाली आणि गावाकडे निघाली. चाळून बारीक केलेली राख, चांगली लांब गेली. बरीच माझ्या डोळ्यांत गेली, तोंडात गेली, केसांत बसली.

पाटील सर्कलसाहेबाकडे वळला. "बगा सायेब, कुटं चाललीया ती. आत्ता नुसती राख हाय. उद्या ह्यांचा धूर हाय, ह्यांचं धुनं हाय, ह्यांच्या अंगावरचं वारं हाय. समदं सरळ आमच्या देव्हाऱ्यात. गावाच्या मावळतीला हे लोक कवा ऱ्हायलेत का? तुमीच सांगा."

साहेबानं नाकाला रुमाल लावला. राख त्याच्याकडे गेलीच नव्हती. तरी लावला. मग म्हणाला, "साखळी गुंडाळा."

"गोसावीण झाली की रं," मागून कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली. गावची हसली. आमची माणसं मान खाली घालून बसली होती, त्यातलेही एकदोघं हसले. मी रिकामं घमेलं अजून डोक्यावरच धरून उभी होते. खाली घ्यायचं सुचलं नाही.

आमची वस्ती गावाच्या उगवतीला, खाली, ओढ्याला. आजा-पणजाच्या आधीपासून. मला वाटायचं, गरीब म्हणून खाली. जागा मिळाली नसेल म्हणून ओढ्याला. त्या दिवशी कळलं की आम्हाला फार विचार करून तिथं ठेवलेलं आहे. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आमच्या अंगावरून गेलेलं वारं त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. शेण कुठं टाकायचं, मेलेलं ढोर कुठं ओढायचं, तसं हे लोक कुठं राहतील ते ठरवलेलं.

आणि ते सिद्ध करायला त्यांनी माझीच राख वापरली. माझ्याच हातानं.

घरी आल्यावर डोळे धुतले. थोरल्या जावेनं, आक्कानं, पाणी घातलं. सासरा म्हणाला, "तू कशाला राख न्हेलीस?" जणू माझीच चूक. त्या रात्रीपासून मला जेवण गोड लागेना. चुलीपुढे बसलं की राखेकडे बघवत नव्हतं. चीड यायची. पाटलाची यायची, साहेबाची यायची, सगळ्यात जास्त माझ्या त्या धावत जाण्याची यायची.

थोडे दिवस गेले आणि माळवदांचं काम निघालं. आमच्याकडे घरांवर कौलं नाहीत, मातीचं सपाट माळवद. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकून, पाणी शिंपडून, लाकडी चोपण्यानं चोपावी लागते. नाहीतर घर गळतं. गावाच्या माळवदांची माती आमच्या बायकांकडे. चालत आलेली रीत. बाहेरच्या भिंतीला शिडी लावायची आणि वर चढायचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. त्यांच्या डोक्यावर नाचलं तर चालतं, त्यांच्या जमिनीवर उभं राहिलं की बाटतं. हे इतकी वर्षं मी केलं आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

पाटलाचं बोलावणं आलं. मी जाणार नव्हते. सासरा म्हणाला, "गेली न्हाईस तर उद्या मळ्यात कामाला कोन घील?" गेले.

आक्का आणि मी वर. ती माती पसरत होती, मी चोपत होते. माळवदाला मधे एक साणं असतं, उजेडाला आणि धुराला ठेवलेलं भोक. त्यातून खालचं स्वयंपाकघर दिसतं. पाटलीणबाई पीठ मळत होत्या. बाजूला देव्हारा, घासून लख्ख केलेला.

खालून आवाज आला, "साण्यावरनं बाजूला व्हा गं. सावली पडतीया पिठावर."

मी बाजूला झाले. सवयीनं झाले. तेवढ्यात त्यांनी चूल फुंकली आणि साण्यातून धूर वर आला, थेट माझ्या तोंडावर. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवलं आणि धूर कुठं जातो ते बघत राहिले.

धूर उगवतीला चालला होता. शेजारच्या माळवदाचा धूर त्याला मिळाला, पलीकडचा मिळाला. सगळ्या गावाच्या चुलींचा धूर एक होऊन उताराला लागला आणि आमच्या वस्तीवर जाऊन बसला. माझं घर त्यात धड दिसेना. दारात सासरा होता, त्याचं पागोटं तेवढं दिसत होतं.

मी चोपणं खाली ठेवलं.

किती वर्षं आम्ही यांचा धूर खातोय. यांच्या उकिरड्याचा वास, यांच्या संडासाला बसायच्या पांदीचा वास, यांच्या पेटवलेल्या कचऱ्याची राख. सगळं आमच्या भाकरीवर. तेव्हा कुणी कुणाला दगडावर उभं करून साहेबाला दाखवलं नाही. वारं फक्त आमचंच बाटलेलं असतं का? यांच्या अंगावरून आलेलं वारं म्हणजे काय, अत्तर?

पाटील अंगणात आला. वर बघून म्हणाला, "का थांबली गं?"

"धूर बघतीया."

"कसला धूर?"

"तुमचा. आमच्या घरावर चाललाय. सर्कलसायबाला बोलवा आन् दावा की."

एवढं कुणी वरून पाटलाशी बोललं नसावं. तो म्हणाला, "तोंड लय सुटलंय तुजं. गुमान माती टाक आन् जा."

खोटं कशाला सांगू. आवाज फाटला. पण म्हणाले, "ज्याचं छप्पर त्येनं टाकावी. माळावर आमची जागा मोजा, मग माती मागा."

मातीची पाटी तिथंच पालथी घातली आणि शिडी उतरले. आक्का वर उभीच. मला वाटलं ही काही यायची नाही, तिला चार पोरं. मी रस्त्याला लागले. वळणावर आले तेव्हा मागून तिच्या पायांचा आवाज आला. ती म्हणाली, "शिडी तशीच ठिवलीया. उतरवली न्हाई म्या. चढू दे त्येलाच." आणि तोंडाला पदर लावून हसली.

पण सगळं तसंच छान झालं असं कुणी समजू नये. वस्तीतल्या निम्म्या बायका थांबल्या, निम्म्या दुसऱ्या दिवशी गुपचूप गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण राग आला तो आलाच. पाटलानं शेजारच्या गावातून माणसं आणून माळवद करून घेतलं. आम्हाला मळ्यातलं काम बंद झालं. गिरणीवाला आमचं दळण बाजूला ठेवू लागला. सासरा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तू आमच्या अन्नात माती कालवलीस." धाकटी जाऊ महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आणि सर्कलसाहेब परत आला. त्यानं जागा मोजली. माळावर नाही. खाली, ओढ्याच्या पात्राला लागून, आमच्याच वस्तीच्या खालच्या अंगाला. म्हणाला, "तुमच्याच सोयीचं आहे. पाणी जवळ पडेल." पाटील शेजारी उभा राहून मान हलवत होता. आमच्या काही माणसांनी हात जोडले. मिळतंय ते घ्या म्हणाली.

पावसाळ्यात ओढा भरून आला आणि खुणेचे दगड घेऊन गेला. पाणी जवळ पडलं ते असं. आमच्या दोन खणांतही गुडघाभर शिरलं. पोरांना खांद्यावर घेऊन आम्ही माळावर जाऊन उभे राहिलो. उंचावर. तिथं पायाखालची जमीन कोरडी व्हायला वेळ लागत नव्हता. सासरा चिखलानं भरलेला धोतराचा सोगा पिळत बराच वेळ खाली घराकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "राख हाय का गं?"

मी म्हणाले, "भिजलीया. वाळली की आनते."

ऊन पडल्यावर मी राख वाळवली. फडक्यातून चाळली. भर दिवसा, गाव बघत असताना, माळावर गेले. एका टोकाला आक्कानं दोरी धरली, दुसऱ्या टोकाला सासऱ्यानं. मी वाकून रेघ मारली, दोन खणांची. दार गावाकडे ठेवलं. घमेलं जमिनीला लावून धरलं होतं, त्यामुळे राख उडाली नाही.

रेघांच्या आत तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. भाकरी केली. धूर निघाला आणि गावाकडे गेला. तो कुठं जातो ते मी बघत बसले नाही. मला पिठाकडे बघायचं होतं.

पाटील आला. म्हणाला, "कुनाला इचारून?"

"तुमी आमाला ओढ्यात घातलं तवा कुनाला इचारलं?" सासरा म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदा पाटलापुढं बसून बोलला. उठला नाही.

पाटलाच्या गड्यांनी चूल लाथाडली, रेघा पायांनी पुसल्या. दुसऱ्या दिवशी मी परत मारल्या. त्यांनी परत पुसल्या. आमच्यातली आणखी काही घरं येऊन आपापल्या रेघा मारून गेली, काही अजून येत नाहीत. तालुक्याला दहिवडीला खेटे घालतोय. साहेब बदलला, नवा साहेबही बघू म्हणतो. घर अजून उभं राहिलेलं नाही. लुगडी अजून टांगलेलीच आहेत.

पदराला बांधलेली हळद मी सोडलेली नाही. ती पहिल्या दगडाची आहे आणि पहिला दगड माळावरच बसणार. ओढ्यात नाही. त्यांनी रेघ पुसावी. माझ्या घरात रोज चूल पेटते आणि रोज राख होते. मी रोज रेघ मारीन.