मी सरांना माफ केलं

माझ्या उजव्या गुडघ्यावर किती टाके आहेत हे माझ्या बायकोला पाठ आहे. ते का पडले, हे तिला माहीत नाही. म्हणजे — माहीत आहे असं तिला वाटतं. तिला, माझ्या आईला, आमच्या कोन गावापासून भिवंडीच्या धामणकर नाक्यापर्यंत फुटबॉलशी थोडाफार संबंध असलेल्या प्रत्येकाला असंच वाटतं. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे आणि आजवर ते माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही सोमण सरांना ओळखत नाही, म्हणून असेल. भित्रा माणूस कबुलीसुद्धा सोयीची जागा बघून देतो.

मी फॉरवर्ड होतो. गोव्यात सहा हंगाम खेळलो, मग काठमांडूत अडीच. हे अडीच ऐकून लोक हसतात — अर्धा कसला? तो अर्धा हंगाम मी कसा मिळवला, तेच मला सांगायचंय. पण थांबा, आधी एक सांगतो. फॉरवर्डला गोल मारता यावा लागतो हे सगळ्यांना कळतं. त्याला पडताही यावं लागतं, हे फक्त खेळणाऱ्यांना कळतं. पेनल्टी बॉक्समध्ये बचावपटूचा पाय नुसता जवळ आला की कधी पडायचं, कसं ओरडायचं, कुठला पाय धरायचा — ही कला आहे. मला ती छान जमायची. दोन देशांतल्या पंचांना मी फसवलंय. तेव्हा याचा अभिमान वाटायचा. आता हे लिहितानाही थोडा वाटतोय — बघा, माणूस कसा असतो!

सोमण सर भिवंडीत एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. टेमघरला राहायचे, अजूनही तिथेच राहतात. रोज सकाळी शाळेच्या आधी मैदानावर चाळीसेक मुलं घ्यायचे, फुकट. आमच्या कोनमध्ये पोरं कबड्डी खेळतात नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉलच्या मागे लागलेला मी एकटाच, आणि माझ्या बापाला ते थेर वाटायचं. सर आमच्या घरी आले, ओट्यावर बसले आणि बापाला तासभर समजावत राहिले. शेवटी बाप कंटाळून म्हणाला, "न्या, मास्तर. तुमच्या भरवशावर." सरांनी मला नुसतं नेलं नाही, घडवलं. महिनाभर उजव्या पायाने चेंडूला शिवायची बंदी. चुकून शिवलं तर मैदानाला दोन फेऱ्या. मी रडायचो, शिव्या द्यायचो — मनात. गोव्यातला माझा पहिला गोल डाव्या पायाने झाला. ड्रेसिंग रूममधून सरांना फोन लावला. गोल झाला एवढंच म्हणालो, तर पलीकडून प्रश्न आला — "डाव्याने ना?"

असा माणूस होता. होता कशाला म्हणतोय मी? आहे.

काठमांडूतले दोन हंगाम चांगले गेले. तिथली पोरं मला दाइ, म्हणजे दादा, म्हणायची, कडाक्याच्या थंडीतही माझ्यासाठी ओरडायची. क्लबने तिसऱ्या हंगामाचा करार केला. मी तिशीला टेकलो होतो, शेवटचाच करार होता तो — मलाही कळत होतं, त्यांनाही. दोन महिने सुट्टीवर घरी आलो. क्लबने सरावाचा तक्ता पाठवला होता आणि तो सरांच्या देखरेखीखाली करायचा असं ठरलं होतं. करारात एक अट होती. त्या तक्त्यानुसार सराव करताना दुखापत झाली तर उपचार क्लबचे आणि करार कायम. इतर कुठेही, कशानेही झाली — तर करार संपला.

इतर कुठेही. बाप रे, त्या दोन शब्दांवर मी किती वेळ बोट ठेवून बसलो होतो!

त्याच सुट्टीत माझ्या चुलत भावाचं, नीलेशचं लग्न आलं. आमच्या आगऱ्यांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव येतं, बेंजो वाजतो, आणि नवरदेवाला भावांनी खांद्यावर घेऊन नाचवायचं असतं. मोठा भाऊ मी, गावाचा हिरो मी, दोन देशांत खेळलेला मी — दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर तो कसा बसणार? सरांनी सकाळीच बजावलं होतं, "जेव, फोटो काढ, नाचू नकोस." मी हो म्हणालो होतो.

दिवे लागायच्या सुमाराला नीलेशला खांद्यावर घेतलं. मांडवात खाली सगळा हळद-पाण्याचा चिखल. लोक ओरडतायत, मी गिरकी घेतोय. उजवा पाय जागच्या जागी अडकला आणि वरचं धड फिरलं. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. बेंजोच्या आवाजात आणखी कुणाला ऐकू येणार? नीलेश खांद्यावरून घसरला, सगळे हसले, त्याला दुसऱ्याने उचललं. मी पण हसलो. खुर्चीवर बसलो आणि हसतच राहिलो.

घरी आईने विचारलं, "पाय कशाला ओढतंस रं? काय झाला?"

"काय न्हाय आये. नाचून दुखतंय."

तेवढंच. खरं सांगायची ती पहिली संधी होती. मी ती सोडली, कारण अजून मला आशा होती की मुरगळला असेल. पण गुडघा नारळाएवढा सुजला, आणि मग मी कराराचा कागद काढला.

इथून पुढचं सांगणं सगळ्यात कठीण. कारण इथपर्यंत मी मूर्ख होतो, एवढंच. हळदीत नाचून गुडघा घालवणारा पहिला आगरी मी नसेन. पुढे जे केलं ते मूर्खपणाने नाही केलं. विचार करून केलं. नीट, एक-एक पाऊल ठरवून.

सकाळी गुडघा पट्टीने करकचून बांधला, वर ढगळ ट्रॅक पँट घातली आणि रिक्षाने टेमघरला, सरांच्या मैदानावर गेलो. माझ्या कानामागे हळद राहिली होती, ती बघून सर हसले. "वॉर्मअप घरीच केला," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला. का बसू नये? वीस वर्षांत मी सरांशी खोटं बोललो नव्हतो.

सरांचा एक व्यायाम होता. गोदामातून आणलेले ट्रकचे जुने टायर आडवे टाकायचे, वर उभं राहायचं आणि उडी मारून एका पायावर उतरायचं. क्लबच्या तक्त्यातही तो होता, उंची किती ठेवायची ते सरांवर सोडलं होतं. सरांनी एकच टायर ठेवला. म्हणाले, "लग्नघरातून आलायस. आज एवढंच."

एका टायरवरून पडून कुणाचा गुडघा जातो? कोण विश्वास ठेवणार?

"सर, दुसरा ठेवा," मी म्हणालो.

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग मुलांना हाक मारून दुसरा टायर पहिल्यावर चढवून घेतला. मी वर चढलो — कसा चढलो ते माझं मला माहीत. खाली चाळीस मुलं, समोर सर. उडी मारली, डाव्या पायावर उतरलो आणि उजवा गुडघा धरून कोसळलो. ओरडलो. ओरडणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी पेनल्टी बॉक्समध्ये शिकलो होतो. डाव्या पायावर उतरलेला माणूस उजवा गुडघा धरतो — हे तिथे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सरांच्याही नाही. ते धावत येत होते, त्यांचा चेहरा मी पाहिला. मग मी डोळे मिटले.

कल्याणच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि भुवया वर केल्या. "हे आत्ता झालं? सूज तर जुनी वाटतेय."

आता संपलं, असं वाटलं. खरं सांगू? क्षणभर बरंही वाटलं. पण मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, "आत्ताच झालं डॉक्टर. माझ्या डोळ्यांसमोर."

डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. क्लबने सरांकडून निवेदन मागवलं. सरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं, वळणदार इंग्रजीत, आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. दुसऱ्या टायरचा निर्णय पूर्णपणे त्यांचा स्वतःचा होता, असं त्यात लिहिलं होतं. दुसरा टायर मी मागितला होता, हे त्यांनी गाळलं. मी मागितला असं कळलं तर क्लब खोड काढेल, म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खोटं लिहीत होता, ते माझ्यासाठी. मी वाचलं. "ठीक आहे सर," म्हणालो.

करार टिकला. ऑपरेशन झालं. आणि सरांचं काय झालं?

माझा बाप त्यांच्या दारात गेला. बिल्डिंगमधले सगळे जिन्यात उभे होते म्हणतात. "तुमच्या भरवशावर दिला व्हता पोर. तुमी त्याचा पाय घालवला, मास्तर!" मैदानावर मुलं कमी होऊ लागली. आधी दहा गेली, मग वीस. आया म्हणायच्या, त्याच्यासारख्याचं असं झालं, आपल्या पोराचं काय? नाक्यावर रिक्षावाला मला आरशातून बघत म्हणाला, "वो मास्टर ने ही तेरा घुटना खराब किया ना?" मी "जाने दो" म्हणालो. नाही म्हणालो नाही. नीट ऐका — "जाने दो" म्हणालो. कुणाला सरांचं नाव सांगावंही लागलं नाही मला. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्यात मी दोन वर्षांत एकदाही चुकलो नाही. शेवटी एका सकाळी मैदानावर कुणीच आलं नाही, सरही आले नाहीत.

ऑपरेशननंतर महिन्याने सर कोनला आले होते. हातात संत्र्यांची पिशवी. मी पलंगावर, पाय उशीवर. ते खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "तू म्हणालास तरी मी तो ठेवायला नको होता. तू खेळाडू, तू मागणारच. नाही म्हणणं माझं काम होतं." आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला. "मला माफ कर."

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं होतं. इतकी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी काय केलं?

"सोडा सर," म्हणालो. "होतं असं. मी तुम्हाला माफ केलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं.

काठमांडूत परत गेलो तेव्हा अर्धा हंगाम उलटला होता. उरलेल्या अर्ध्यात जेमतेम खेळलो, दोन गोल केले, निरोपाचा खादा, म्हणजे तिथलं रेशमी उपरणं, गळ्यात घालून घेतला आणि परतलो. लोक म्हणाले, काय जिद्द! तुटलेला गुडघा घेऊन पोरगा परत उभा राहिला.

गेल्या वर्षी मी भिवंडीत अकादमी काढली. सरांना बोलावलं. त्यांच्या हातून उद्घाटन व्हावं अशी गावातल्या दोघा-तिघांची इच्छा होती, पण सर म्हणाले, "मी आता मुलांच्या जवळपास नको." तरी आले. चौथ्या रांगेत कडेला बसले. खूप बारीक झाले आहेत. माझ्या हातात माइक होता, समोर आमदारांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे. मी बोलत सुटलो. मग — माझा आवाज मला अजून ऐकू येतो — मी म्हणालो, "मला घडवणारे सोमण सर इथे बसलेत. जे झालं ते झालं. मी सरांना कधीच दोष दिला नाही."

टाळ्या पडल्या. काय मोठं मन आहे, असं पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालेलं मला ऐकू आलं. सगळे वळून सरांकडे बघू लागले. सर कसेबसे उठले. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले, माझे आभार मानत. टाळ्या वाढल्या.

मी मंचावरून मान झुकवली आणि त्या घेतल्या.