कानातल्यांची कुरकुर

लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, तेलाचा व्यापार करणारे एक अप्पा होते. लढाईच्या काळात, निजामाचं राज्य अजून पक्कं वाटत होतं तेव्हा, त्यांनी परवाना काढून बॅटरीवरचा रेडिओ आणला. त्याला भोंगा नव्हता. कानांवर बसवायच्या दोन काळ्या डब्या आणि त्यांना जोडणारी, डोक्यावरून जाणारी चामडं मढवलेली पोलादी पट्टी, एवढंच. हेडफोन हा शब्द गंजात कुणाला ठाऊक नव्हता. अप्पांच्या घरात त्या जोडीला ‘कानातली’ म्हणू लागले, आणि बायकांच्या दागिन्याचं नाव बाप्यांच्या डोक्यावर बसलं. ‘‘गुरुजी, घाला तुमची कानातली,’’ असं म्हणून अप्पा रोज दिवेलागणीला हसायचे.

गुरुजी म्हणजे मी. कानातली एकच होती आणि ऐकणारे दहा, म्हणून एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांना सांगायचं अशी पद्धत पडली. खबरा उर्दूत यायच्या. अप्पांना बाजारातली उर्दू चांगली यायची, पण रेडिओवरची भारदस्त उर्दू त्यांच्या डोक्यावरून जायची. मी नांदेडला उर्दूत शिकलेला, उर्दूतच शिकवणारा. त्यामुळे ते आसन माझं झालं. मी डोळे मिटून ऐकायचो, हात वर करून सगळ्यांना खामोश बसवायचो, मग मराठीत सांगायचो. माझा ताठा तेव्हा गंजात मावत नव्हता.

त्या ताठ्याखाली काय होतं ते मला एकट्यालाच माहीत आहे, असं मी समजत होतो. मला ऐकू कमी यायचं. पहिली नोकरी किनवटच्या जंगलात होती. तिथल्या हिवतापानं धरलं, आणि कोयनेल खाऊन खाऊन ताप गेला, त्याच्याबरोबर कानही जायला लागले. आधी रातकिडे गेले. यंदा रातकिडे कमी झालेत, असं मी चारचौघांत बोललोसुद्धा. मग मुलांचे बारीक आवाज गेले. वर्गात मी ‘‘मोठ्यानं! पोटात भाकरी नाही का?’’ असा ओरडत फिरायचो आणि कडक मास्तर म्हणून माझा लौकिक झाला. बहिऱ्या मास्तराला शाळेत कोण ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ आवळून बसलो होतो. फक्त कानातली घातली की आवाज थेट आत यायचा, आणि तेवढा वेळ मी धड माणूस असायचो.

एके दिवशी अप्पा म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमची कानातली लई कुरकुरायलीत की हो. मान हलवली की कुर्र, कुर्र. तुमाला सोसतं कसं?’’

मला ती कुरकुर मुळीच ऐकू येत नव्हती. मी मान हलवून पाहिली, आणि समोरच्यांचे चेहरे आक्रसले, त्यावरून आवाज झाला असणार हे कळलं. ‘‘हाव, कधीचं बघतोय मी. डबीचा सांधा आहे तो. शुक्रवारी सुट्टी आहे, दुरुस्त करून टाकतो,’’ असं मी ठोकून दिलं.

शुक्रवारी कानातली घरी आणून ओसरीत उजेडाला बसलो. जो आवाज ऐकू येत नाही तो दुरुस्त करणं म्हणजे काय, हे बसल्यावर समजलं. प्रत्येक डबी तारेच्या कमानीत दोन बारीक स्क्रूंवर फिरत होती. चार सांध्यांपैकी कुरकुरणारा कोणता? मी एकेकावर बोट टेकवून डबी हलवली. तीन गुमान फिरले, चौथ्यानं बोटाच्या टोकाला मुंगी चालल्यासारखी थरथर दिली. तो चोर. स्क्रू सैल केला, घासलेटात चिंधी बुडवून गंज पुसला, आणि स्वयंपाकघरातनं वाटीत करडईचं तेल मागवून चार थेंब सोडले.

वाटी घेऊन बायको आली होती. ‘‘ऐक बरं,’’ मी डबी फिरवत म्हणालो, ‘‘आता येतो का आवाज? मला तर नाही वाटत.’’

ती माझ्या समोर येऊन बसली, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘‘न्हाई येत आता.’’

आतून आईचा आवाज चढला. तो मला ऐकू यायचा, कारण आईचा आवाज गल्लीलाही ऐकू यायचा. ‘‘भर दिवसा नवऱ्याच्या तोंडापुढं बसून बोलायलीस? लाज हाय का न्हाई?’’

आमच्या घरची रीत अशी की, सासू घरात असताना सुनेनं नवऱ्यापुढं यायचं नाही. काही सांगायचं झालं तर दाराआडून ‘ऐकलं का’ म्हणायचं आणि सांगायचं. लग्न झालं तेव्हा हीसुद्धा तसंच करायची. पण वर्षभरापासून तिनं ‘ऐकलं का’ म्हणणंच सोडलं होतं. सरळ पुढ्यात येऊन उभी राहायची, डोळ्याला डोळा लावायची आणि बोलायची. आई तिला धीट, तोंडाळ, निलाजरी म्हणायची. मलाही ते खटकायचं. त्या शुक्रवारी मीही म्हणालो, ‘‘आईचं बरोबर आहे. दाराआडून बोलत जा.’’ तिनं वाटी उचलली आणि आत गेली.

संध्याकाळी अप्पांकडे माझी वाहवा झाली. पाच-सात दिवस कानातली गप्प होती, असं लोक सांगत होते.

पुढे अप्पांकडे मुरुडचे पाहुणे आले. बैठक भरली. अप्पांनी माझी ओळख करून दिली, ‘‘हे आमचे गुरुजी. उर्दू तर हायेच, वर मिस्त्रीबी हायेत.’’ मला चेव चढला. मी कानातली घातली, आणि मान डावी-उजवी हलवत म्हणालो, ‘‘बघा, आहे का कुरकुरीचं नाव?’’

पाहुण्यांपैकी एकानं कानात बोट घातलं. दुसऱ्यानं उपरण्यानं तोंड झाकलं, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं ते अचंबा करतायत. म्हणून मी आणखी जोरानं मान हलवली आणि पुन्हा म्हणालो, ‘‘एक तरी आवाज?’’

तेव्हा अप्पांकडे नजर गेली. ते हसत नव्हते. खाली सतरंजीकडे बघत होते, घरातल्या माणसाचं धोतर सुटल्यावर बघावं तसं. माझं बोट आपोआप सांध्यावर गेलं. तिथं आता मुंगी नव्हती, अख्खा सांधा थडथडत होता. हाताला चिकट लागलं. करडईच्या तेलाची बरणी बाहेरून कशी चिकटून बसते, राखेनं घासली तरी निघत नाही, हे ज्याच्या-त्याच्या घरात दिसतं. तेच तेल वाळून सांध्यात खळीसारखं बसलं होतं. तेलाच्या बाजारात बसून मी तेलाची चूक केली होती, पण हसण्याचं कारण ते नव्हतं. सगळ्या बैठकीला ऐकू येणारा आवाज ज्याच्या कानाला चिकटून होत होता, त्याला तो ऐकू येत नव्हता.

अप्पांनी हळूच कानातली माझ्या डोक्यावरून काढली. ‘‘राहू द्या आज, गुरुजी. बॅटरी उतरलीय,’’ ते म्हणाले. माझ्यासमोर येऊन, ओठ नीट हलवून म्हणाले. आणि मला लख्ख दिसलं की, असं समोर येऊन, ओठ हलवून आणखी एक माणूस माझ्याशी वर्षभर बोलत आलं आहे.

घरी कसा पोचलो ते आठवत नाही. रस्ताभर माझे कान तापले होते, एवढंच आठवतं. ती ओळखून होती. कधीपासून, देव जाणे. दाराआडून किती वेळा ‘ऐकलं का’ म्हणाली असेल आणि मी ऐकलं नसेल. मग तिनं रीत मोडली, निलाजरी हे नाव घेतलं, आणि माझी लाज स्वतःच्या डोक्यावर घेऊन घरात वावरत राहिली. आणि तिला दाराआड मीच पाठवलं होतं.

सकाळी ती चहाचा पेला घेऊन आली. त्या शुक्रवारपासून तीही हट्टानं रीत पाळत होती, पण पेला द्यायला पुढं यावंच लागलं. तिनं शाळेच्या धोतराबद्दल काहीतरी विचारलं, तशी आईनं तोंड सोडलं. मी मोठ्यानं म्हणालो, फार मोठ्यानं म्हणालो असणार, ‘‘आई, तिला बोलू नका. मला ऐकू येत नाही. म्हणून ती पुढं येते.’’

आई जात्यावरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे वळून तिनं काहीतरी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आईचा आवाज इतका खाली आला होता की मला तो ऐकू आला नाही. माझं बिंग फुटल्याचा संकोच मला वाटायला हवा होता, तो बायकोलाच वाटला. ती पदर सावरून दाराआड झाली आणि तिथून तिनं उत्तर दिलं. उत्तर लांब होतं. ऐकता ऐकता आईनं डोळ्यांना पदर लावला.

ती काय म्हणाली, ते मला कधीच कळलं नाही. दोघींपैकी एकीला विचारलं असतं तरी पुरे होतं. मला लाज वाटली.